रुदिनावरची पांढरी जागा

तेयाचं पत्र सहा वर्षं माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. पत्र कसलं, दोन ओळीच होत्या. बाकी एक पुठ्ठ्याचं नळकांडं आणि त्यात गुंडाळलेला नकाशा. "गुरुजी, झाला एकदाचा. यात काही चुकलं असेल तर ते तुम्हीच सांगू शकाल. कळवा."

मी चष्मा पुसून नकाशा खिडकीशी नेला होता. ओढा ओढ्याच्या जागी होता, शाळा शाळेच्या जागी. मेंढ्या जिथं जिथं चरल्या तिथं हिरवे ठिपके होते. जास्त चरल्या तिथं गडद, कमी तिथं फिकट. घराघराची पायवाट केसासारखी बारीक काढलेली. वर रुदिना डोंगराची धार सगळी पांढरी होती. त्या उन्हाळ्यात वर कुणी गेलंच नव्हतं, तेव्हा तेही बरोबरच होतं. आयुष्यभर मी पोरांना भूगोल शिकवला, पण आमच्या गावाचं इतकं नीट चित्र कधी पाहिलं नव्हतं. मला चूक सापडली नाही. आणि चूक नसताना विद्यापीठातल्या मुलीला माझ्यासारख्यानं लिहायचं तरी काय? दोनदा कागद घेऊन बसलो, "प्रिय तेया" एवढं लिहून उठलो. नकाशा भिंतीला लावला, पत्र खणात टाकलं.

तेया आमच्याकडे आली ते वर्ष मिलेताचं. मिलेता माझा शेजारी. वसंतात बीचचं झाड तोडताना खोड त्याच्या अंगावर फिरलं आणि तो गेला. आमच्याकडे घरचा कर्ता गेला की कळपाच्या गळ्यातल्या घंटा उतरवतात. लहानमोठ्या सगळ्या खुंटीला टांगतात आणि त्या उन्हाळ्यात ते घर वरच्या चराईवर जात नाही. वर चराईवर ज्यांच्या दगडी झोपड्या त्या घराच्या झोपडीशेजारी आहेत तीही घरं खालीच राहतात. रुदिनावर आमच्या गावातल्या तीन घरांचं कातून होतं, म्हणजे उन्हाळी मुक्काम. तिन्ही घरं त्या वर्षी खाली राहिली. वुकोसावानं, मिलेताच्या बायकोनं, हिवाळ्यासाठी राखलेलं गवत उन्हाळ्यातच चारलं आणि पुढं अर्धा कळप विकून चारा विकत घेतला.

अशा घरात तेया पाठीवर ओझं आणि हातात पट्ट्यांचा खोका घेऊन आली. मेंढीच्या गळ्यात पट्टा बांधायचा, पट्टा आकाशातल्या उपग्रहाला विचारून मेंढी कुठं आहे ते आपल्या पोटात लिहून ठेवतो. माणसं आपली जमीन कशी वापरतात याचा अभ्यास होता तिचा. पाहुणीला नाही म्हणायचं नसतं आणि दुखवट्याचं पाहुण्यापाशी बोलायचं नसतं. वुकोसावानं काळ्या ओढणीत कॉफी दिली आणि मेंढ्यांच्या माना पुढं केल्या. तेयाला वाटलं आमच्या मेंढ्यांना घंटा नसतातच. तिची बोली आमच्या बोलीची चुलत बहीण, पण अडायचं, तेव्हा मी मध्ये बसायचो. सगळ्यांच्या अंगावरचं काळं डोळ्यांसमोर होतं. ते बोलून दाखवावं लागेल हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

त्याला सहा वर्षं झाली. इतर दोन घरांनी मेंढ्या विकल्या, रुदिनावर आता एकटी वुकोसावा जायची. घरात तिची म्हातारी सासू ड्रागिन्या आणि लंगडा दीर राडोये. सगळं त्या साठेक मेंढ्यांवर.

या सप्टेंबरात मेरीमातेच्या सणाला ती कळप घेऊन खाली आली आणि पुढच्याच आठवड्यात शाळेत सभा झाली.

शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण फळा होता. शहरातून आलेल्या इंजिनियरनं फळ्यावर चादर लावली आणि तिच्यावर उजेड पाडला. दामयान त्याचं नाव. हसतमुख होता, बूट चिखलात बरबटले तरी तक्रार केली नाही. चादरीवर माझ्या भिंतीवरचा नकाशा उमटला. तेच हिरवे ठिपके, वर तीच पांढरी धार. फक्त धारेवर आता काळी वर्तुळं होती. वर्तुळ म्हणजे एक पवनचक्की.

"हे पांढरं काय आहे?" वुकोसावानं मागच्या बाकावरून विचारलं. लहान पोरांच्या बाकात तिचे गुडघे मावत नव्हते.

"पांढरं म्हणजे जिथं वापर नाही अशी जागा, बाई."

"कुणाचा वापर नाही?"

"कुणाचाच. हे विद्यापीठाचं काम आहे, आमचं नाही. उन्हाळाभर मोजलंय त्यांनी. सगळ्यांना पाहायला खुलं आहे."

"मी गेल्या आठवड्यात तिथून खाली आले. साठ मेंढ्या घेऊन."

नोवित्सा पुढच्या बाकावर बसला होता. त्यानं मेंढ्या कधीच विकल्या होत्या, नवा रस्ता त्याच्या फाटकावरून जाणार होता. "तुझ्या मेंढ्या भुतं आहेत काय गं? आकाशातून दिसत कशा नाहीत?"

लोक हसले. वुकोसावा उठून उभी राहिली, बाक तिच्याबरोबर अर्धा उचलला गेला आणि ते आणखी हसले.

"त्या वर्षी आम्ही दुखवट्यात होतो," ती म्हणाली. "मिलेता गेला होता. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

दामयान हळू म्हणाला, "वाईट वाटलं, बाई. खरंच. पण मी हे कशावर दाखवू? वापरातल्या जागेला आम्ही हात लावत नाही, तसा नियमच आहे. तुम्ही ऑक्टोबरअखेरपर्यंत हरकत घ्या. पुरावा जोडा."

"हे गाव आहे की पुरावा."

तिनं वळून पाहिलं. माणसं आपल्या नखांकडे, खिडकीकडे बघत होती. रस्ता येणार होता, दिवे येणार होते, तरण्या पोरांना काम मिळणार होतं. मी तोंड उघडलं, पण एवढ्या लोकांत माझा आवाज फुटत नाही. वर्गात फुटायचा, कारण तिथं पोरं असायची.

"तोंडी नको," दामयान म्हणाला. त्यानं चादरीवरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "असं काहीतरी आणा."

दोन दिवसांनी हरकतीचं विचारायला मी वुकोसावाबरोबर शहरात दामयानच्या कचेरीत गेलो. तिनं धुतलेला फडका काढून त्यात पनीरचा गड्डा बांधला होता. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आतली मुलगी दार उघडून आली, नाक आक्रसलं, आणि आमच्यामागची खिडकी उघडून गेली. वुकोसावानं ओढणीचं टोक हुंगलं. मग ती माझ्यापासून थोडी सरकून बसली.

"मला येत नाही वास," मी म्हणालो.

"तुम्हाला पुस्तकांचा येतो फक्त."

आमची पाळी आली तेव्हा त्याच मुलीनं सांगितलं की अर्ज घेऊ, पण पुरावा जोडला नाही तर त्यावर काही होणार नाही. माझा जबाब चालेल का, असं मी विचारलं. इतकं अडखळत विचारलं की तिनं दोनदा "काय म्हणालात?" केलं. तुम्ही शेजारी, शेजाऱ्याचा जबाब धरत नाहीत, ती म्हणाली. मग वुकोसावानं तिच्यासाठी टेबलावर ठेवलेल्या गड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, ते उचला. वर कॅमेरा आहे."

वुकोसावा पंचावन्नची आहे. आजी तिला अजून कुणी म्हटलेलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिनं गड्डा सोडला, सुरीनं तुकडा कापून मला दिला आणि उरलेला ड्रायव्हरला.

त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. ड्रागिन्या काचामाक घोटत होती, बटाटा आणि मक्याच्या पिठाचा गोळा लाकडी दांड्यानं भांड्याला आपटत.

"तुम्ही तर मास्तर, नकाशा भिंतीला लावलात," ती म्हणाली. "संताच्या तसबिरीशेजारी. मेणबत्ती लावता का त्याला?"

"आई, राहू दे," वुकोसावा म्हणाली.

"राहू कसं दे? त्या पोरीनं माझ्यासमोर वरून काढलेला फोटो पसरला, हातात पावट्याच्या बिया दिल्या. म्हणाली, यंदा मेंढ्या कुठं चरतात तिथं बी ठेवा. मी यंदाच्या ठेवल्या. घराभोवती. उरलेल्या परत भांड्यात टाकल्या. तिनं विचारलं असतं की तुझी सासू कुठं चारायची, तर धारेवर पोतं ओतलं असतं."

"तेयाला कळवा ना गुरुजी," राडोये म्हणाला. "ती बदलेल नकाशा."

त्यानं जुन्या कागदावरच्या नंबरावर फोन लावून पाहिलाच होता. कुणी पुरुष परक्या भाषेत बोलला आणि फोन ठेवला. माझ्याकडे पत्रामागचा पत्ता होता, तिच्या आईच्या घरचा. पण लिहायचं काय? तुझा नकाशा चुकीचा आहे? तो चुकीचा नव्हता. मी म्हणालो, "तिच्याकडेही ठिपकेच लागतील. माझ्या शब्दांचं ती काय करेल?"

राडोये उठला, लंगडत गोठ्यात गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. त्याच्या हातात पट्टा होता. त्या उन्हाळ्यात एका मेंढीनं झुडपात अडकवून तोडलेला, तेया गेल्यावर सापडलेला. इतकी वर्षं तो घंटांबरोबर खुंटीला लोंबकळत होता. राडोयेनं शेण खरवडलं, कातडी शिवली, फोनची वायर त्याला लावली. आम्ही काचामाक खाईपर्यंत काही झालं नाही. मग पट्ट्यावर हिरवा दिवा लुकलुकला.

"हिरवा लुकलुकला की तो बघतोय, असं ती म्हणायची," राडोये म्हणाला.

वुकोसावानं घास खाली ठेवला. "उद्या वर जाते."

"खाली आणलेला कळप परत वर?" ड्रागिन्यानं दांडा थांबवला. "असं कुणी केलेलं ऐकलंय?"

"मेंढ्या तिथं जातात हे खरं की खोटं?"

"खरं."

"मग तेच लिहू दे त्याला. मी काय खोटं सांगायला लावत नाही."

राडोये त्या पायानं कळपामागं पळू शकत नव्हता आणि एकट्या माणसाला कळप दोन्हीकडून आवरत नाही. मी आहे ना, असं मी म्हणालो. ड्रागिन्यानं माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "कुत्र्याला सांगून ठेव, दोघांना सांभाळ म्हणावं."

मिहोलाचं ऊन पडलं होतं. ऑक्टोबरात येतं ते उसनं ऊन, माणसाला फसवणारं. वुकोसावानं खुंटीवरच्या घंटा उतरवल्या. बाकीच्या मेंढ्यांना त्या दुसऱ्या वर्षापासून परत घातल्या होत्या, उन्हाळ्यापुरत्या. पण मिलेताची मोठी घंटा, म्होरक्याची, मिलेता गेल्यापासून तशीच होती. तिनं ती ओढणीनं पुसली आणि शाराच्या गळ्यात बांधली. शारा म्हणजे कळपाचा म्होरक्या, खच्ची केलेला काळापांढरा मेंढा. घंटेच्या वर पट्टा. शारानं मान झटकली, आवाज झाला, आणि ड्रागिन्या दाराशी उभी होती ती आत निघून गेली.

चढ मला माहीत होता, पण पुस्तकातला. समोच्च रेषा जवळ आल्या की चढ उभा, असं मी फळ्यावर शिकवलं होतं. बीचच्या जंगलात ओल्या पानांवरून पाय सटकायचे. मेंढ्या माझ्या पुढं, त्यांच्या शेपटीखालचं सुकलेलं शेण माझ्या तोंडासमोर. मुर्जो, त्यांचा कुत्रा, मागं वळून वळून माझी वाट बघायचा, मला लाज वाटायची. दुपारी जंगल संपलं आणि धार उघडी पडली. पिवळं, आडवं झालेलं गवत. दगडी झोपडीच्या छपरावरच्या फळ्यांवर तिनं पंधरवड्यापूर्वी ठेवलेले दगड तसेच होते.

"बघतोय का?" तिनं विचारलं.

मी शाराच्या मानेपाशी वाकलो. हिरवा दिवा लुकलुकला. "बघतोय."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग शाराच्या मागं, धारेच्या या टोकापासून सुरुवात केली. मेंढ्या चरायला बघत होत्या, पण ती त्यांना चरू देत नव्हती, हाकत होती. झऱ्यापाशी नेलं. मेंढ्या कोंडायच्या दगडी वाडग्यात नेलं. सासरा दूध काढायचा त्या सपाट जागी नेलं. प्रत्येक ठिकाणी उभी राहून नाव घ्यायची, जणू पट्ट्याला ऐकू जातं. मीही तिच्यामागं नावं घेतली. वह्या तपासायची सवय, काही राहू नये असं वाटायचं.

रात्र झोपडीत काढली. धुरानं डोळे चुरचुरत होते. तिनं मला घोंगडं दिलं, स्वतः मेंढीच्या कातड्यावर बसली. "त्या वर्षी त्या पोरीला सांगायला हवं होतं," ती एकदाच म्हणाली. "पण कसं सांगायचं? ती माझ्या घरची भाकरी खात होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी शारा वाडग्यातून बाहेर पडेना. दगडाला टेकून उभा राहिला. वुकोसावानं आकाशाकडे पाहिलं. वारा दक्षिणेचा होता, ऊबदार. पण पलीकडच्या डोंगरावर एक करडी पट्टी दिसत होती.

"उतरायचं का?" मी विचारलं.

"तिकडची बाजू राहिलीय." तिनं धारेच्या लांबच्या टोकाकडे हात केला. "सभेत त्यानं सगळ्यात जास्त वर्तुळं तिथं काढली होती. खळगा आहे ना दुपारच्या विसाव्याचा, त्याच्या पुढं."

"इथं झालंय ते पुरे झालं असेल."

"असेल की झालं?"

ती माझ्याकडे बघत होती. मला खरंच ठाऊक नव्हतं. किती ठिपके म्हणजे वापर, कुठं रेघ ओढतात, कोण ओढतं. दुसरा कुणी असता तर छातीठोक सांगून मोकळा झाला असता. मी म्हणालो, "नक्की नाही सांगता येत."

तिनं शाराच्या बगलेत हात घालून त्याला बाहेर ओढलं.

आम्ही त्या टोकाला पोचलो तेव्हा ऊन गेलं होतं. वारा थांबला, मग उलटा फिरला. माझ्या कानांना एकदम झोंबलं. पहिल्यांदा बारीक कणी पडली, मेंढ्यांच्या पाठीवरून उडून जायची. मग धार दिसेनाशी झाली. मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करतात आणि चालत राहतात, हे मी पाहिलेलं नव्हतं. वुकोसावा ओरडत होती, तिचा आवाज कधी डावीकडून यायचा, कधी खालून. मुर्जो मधोमध पळून कळप फोडत होता की जोडत होता ते मला कळेना. माझ्या मिशीत बर्फ जमला. काठी धरलेली बोटं माझी वाटेनात.

शाराची घंटा माझ्या उजव्या बाजूनं गेली. खाली, खळग्याकडे. उन्हाळ्यात दुपारी तिथं वारा लागत नाही, सावली असते, म्हणून तो रोज कळप घेऊन तिथं बसायचा. आताही त्याला वारा चुकवायचा होता. त्याच्यामागं मेंढ्या वळल्या. मी त्यांना आडवा गेलो, हात पसरले, काहीतरी ओरडलो. एक मेंढी माझ्या पोटाला धडकून गेली आणि मी बसलोच. वाऱ्यावरचा बर्फ सगळा त्या खळग्यात उतरत होता. घंटा बराच वेळ वाजत होती. मग दबकी वाजली, तोंडावर उशी ठेवल्यासारखी. मग नाही.

वुकोसावानं मला काखेत धरून उठवलं. "किती गेल्या?"

"शारामागच्या सगळ्या."

ती खळग्याच्या कडेला गेली. मी तिची ओढणी धरून ठेवली, फाटेपर्यंत धरून ठेवली. ती दोन्ही हातांनी बर्फ उपसत होती आणि उपसलेलं लगेच भरत होतं. शेवटी तिनं थांबून कान लावला. मग उठली, तोंड पुसलं आणि उरलेल्या मेंढ्यांकडे गेली.

खाली कसे आलो ते मला नीट आठवत नाही. मुर्जोच्या शेपटीकडे बघत आलो. जंगलात बर्फ पातळ झाला, तिथं राडोये कंदील घेऊन उभा होता, लंगड्या पायानं अर्धा चढ चढून आलेला. त्यानं मेंढ्यांवरून नजर फिरवली आणि कंदील घेऊन पुढं झाला. ड्रागिन्यानं माझे बूट काढले, माझे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळले आणि रकिया, घरची फळांची दारू, पाजली. "कुत्र्याला सांगितलं होतं मी," ती म्हणाली. पण आवाजात धार नव्हती.

तीन-चार दिवसांनी ऊन परत आलं, तसंच उसनं. राडोये फावडं घेऊन निघाला तेव्हा नोवित्सा फाटकाशी उभा होता, खांद्यावर फावडं.

"तू कुठं?" राडोयेनं विचारलं.

"माझ्या बापाची झोपडी आहे वर. बघून येतो."

त्या झोपडीचं छप्पर कधीच पडलेलं होतं. दोघं संध्याकाळी परतले. वापरण्यासारखं काही उरलं नव्हतं, काही कातडी तेवढी आणली. नोवित्सानं पोत्यातून मिलेताची घंटा काढून पायरीवर ठेवली आणि तिच्याशेजारी पट्टा. "सगळ्यात तळाशी होता," तो म्हणाला. "बाकीच्या त्याच्या अंगावर रचल्यासारख्या." मग वुकोसावाकडे न बघता म्हणाला, "दिसतात गं मेंढ्या. सभेत उगाच बोललो मी." आणि कॉफीला न थांबता गेला.

पट्ट्याचा दिवा लागला नाही. वायर लावली, चुलीशेजारी वाळवला, तरी नाही. पण तेया म्हणायची, दिवा गेला तरी आत लिहिलेलं जात नाही. ते तिच्या यंत्रावरच उघडतं.

त्या रात्री मी भिंतीवरचा नकाशा काढला. खाली चौकोनी फिकट जागा राहिली. पेन घेऊन ड्रागिन्याकडे गेलो. तिनं बोट ठेवलं तिथं तिथं मी पांढऱ्या जागेत नावं लिहिली. झरा, वाडगं, दुधाचा माळ, तिच्या सासूचा खडक, मिलेता लहानपणी हरवला होता ती खिंड. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण खोडलं नाही. खळग्यापाशी आलो तेव्हा ड्रागिन्यानं बोट उचललं. वुकोसावानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि तिथं स्वतः लिहिलं, "शारा".

मग "प्रिय तेया" लिहिलं आणि या वेळी उठलो नाही. लिहिलं की तुझा नकाशा बरोबर आहे. ती जागा रिकामी नव्हती, त्या वर्षी घरात मयत झाली होती. आमच्याकडे अशा वर्षी वर जात नाहीत, आणि पाहुण्याला सांगत नाहीत. पट्टा पाठवतो आहे. त्यात आमचं दोन दिवसांचं जाणं-येणं आहे आणि जिथं थांबलं ते ठिकाण आहे. तुला यातून काही करता आलं तर कर. लवकर, असं लिहिलं आणि मग ते खोडलं, कारण लवकर म्हणजे कधी ते मलाच माहीत नव्हतं. शेवटी दामयानच्या कचेरीचा पत्ता दिला.

हरकत घ्यायच्या शेवटच्या दिवशी आम्ही शहरात गेलो. कचेरीतल्या मुलीनं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि पुरावा या रकान्यात "नंतर" असं लिहिलं. नंतर आलेलं बघतात का, असं वुकोसावानं विचारलं. "कधी कधी," मुलगी म्हणाली. या वेळी तिनं खिडकी उघडली नाही. वुकोसावाच्या हातांवर बर्फानं फुटलेल्या भेगा होत्या, त्यांच्याकडे ती बघत राहिली.

पोस्ट समोरच होतं. खोक्यात मी नकाशा, पत्र आणि पट्टा ठेवला. वुकोसावानं घंटाही आणली होती ओढणीत गुंडाळून. ती तिनं खोक्यात ठेवली, परत काढली, आणि कडेवरच्या लेकरासारखी धरून उभी राहिली. पट्ट्याला अजून मेंढीचा वास येत होता. खिडकीमागच्या माणसानं खोका वजन करून चिकटपट्टी लावली, परदेशाचा कागद भरला, शिक्का मारला आणि एक पावती बाहेर सरकवली.

"हा आकडा जपून ठेवा. यावरून पार्सल कुठं पोचलं ते दिसत राहतं."

"सगळ्या वाटेवर?" वुकोसावानं विचारलं.

"प्रत्येक ठिकाणी नोंद होते."

"आणि वाटेत हरवलं तर?"

माणसानं खोका मागच्या पोत्यात टाकला. "तरी शेवटचं कुठं होतं, ते दिसतं."

वुकोसावानं पावतीची घडी घातली, घंटेच्या आत, लोलकाशेजारी कोंबली आणि घंटा वाजू नये म्हणून तळव्यानं तिचं तोंड बंद करून बाहेर पडली.